तिकीट आधी, बहर नंतर

जपानच्या पर्यटक व्हिसासाठी अर्ज करताना दिवसवार कार्यक्रमाचा एक तक्ता जोडावा लागतो. कोणत्या तारखेला कुठल्या गावात असाल, काय पाहाल, रात्रीचा मुक्काम कुठे. वसंतात जाणारी आपल्याकडची मंडळी हा तक्ता बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत भरतात आणि त्यातल्या एखाद्या रकान्यात 'क्योटो, चेरीचा बहर' असे लिहून मोकळी होतात. त्या दिवसांत क्योटोतल्या चेरीच्या फांद्या उघड्याबोडक्या असतात. कळ्या धरलेल्या असतात, पण तपकिरी खवल्यांच्या आत घट्ट मिटलेल्या. त्या कधी उमलणार हे अजून पडायची थंडी आणि तिच्यामागून येणारी ऊब ठरवणार असते. विमानाचे तिकीट मात्र काढून झालेले असते.

संपादकांनी यंदाच्या दिवाळी अंकासाठी 'ऋतू' हा विषय सुचवला तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो हा तक्ता. ऋतू पाहायला म्हणून माणसे आता हजारो किलोमीटर जातात. त्यासाठी रजा, पैसे, आई-वडिलांची तब्येत, मुलांच्या परीक्षा असे सगळे जुळवतात. आणि ज्या एका गोष्टीसाठी हे चालले आहे ती कुणाच्याच हातात नसते. अशी सहल आखायची कशी, हे जागेवर जाऊन पाहावे म्हणून मार्च सरता सरता मी क्योटोला गेले. तिथे फिरताना एक गोष्ट पक्की होत गेली. आपण तारखेच्या मागे लागतो आणि तिथेच फसगत होते. क्योटोत झाडाच्या मागे लागावे.

पाच-सहा फुलांची घोषणा

बहर 'सुरू झाला' हे जपानात कुणी मोघम सांगत नाही. हवामान खात्याच्या प्रत्येक निरीक्षण केंद्राचे एक ठरलेले नमुना-झाड असते. खात्याचा माणूस त्या झाडाखाली जातो, मान वर करून फुले मोजतो. पाच-सहा फुले उमललेली दिसली की त्या शहराचा बहर सुरू झाला, अशी घोषणा होते. ऐंशी टक्के कळ्या उमलल्या की पूर्ण बहर. टोकियोचे नमुना-झाड यासुकुनी देवस्थानाच्या आवारात आहे, आणि घोषणेच्या दिवशी तिथे वार्ताहर आणि कॅमेरे दाटीवाटीने उभे असतात. क्योटोची १९९१ ते २०२० या तीस वर्षांची सरासरी अशी आहे: बहराची सुरुवात २६ मार्च, पूर्ण बहर ४ एप्रिल.

ही सरासरी सगळ्या सहल कंपन्यांना पाठ असते आणि 'साकुरा टूर' तिच्याच भोवती बेतलेल्या असतात. पण सरासरी म्हणजे काही वचन नव्हे. २०२१ साली क्योटोत पूर्ण बहर २६ मार्चलाच येऊन गेला. सरासरीवर विसंबून एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कुणी नदीकाठी पोचले असते तर त्याला कोवळी हिरवी पालवी दिसली असती.

बहर कधी येणार याचा अंदाज पूर्वी हवामान खातेच वर्तवत असे. २०१० पासून खात्याने ते काम खासगी हवामान कंपन्यांवर सोडले आणि स्वतःकडे फक्त निरीक्षण ठेवले. या कंपन्या जानेवारीपासून अंदाज देऊ लागतात आणि मार्च उजाडेपर्यंत ते पुन्हा पुन्हा सुधारतात. अंदाजामागचे गणित समजून घेतले तर जानेवारीचा आकडा किती मनावर घ्यायचा हे कळते. चेरीच्या फुलकळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होतात आणि शरदात झोपी जातात. त्यांना जागे व्हायला आधी कडक थंडीचे काही आठवडे लागतात, आणि ते मिळाले की मग ऊब. जपानात यासाठी एक साधा हिशोब सर्रास वापरतात. १ फेब्रुवारीपासून रोजचे सरासरी तापमान मिळवत जायचे. बेरीज ४०० अंशांच्या आसपास गेली की फुले येतात. कुणी सरासरीऐवजी रोजचे कमाल तापमान मिळवतात आणि ६०० ची खूण धरतात. म्हणजे जानेवारीत अंदाज निघतो तेव्हा ही बेरीज सुरूसुद्धा झालेली नसते. 'हिवाळा उबदार, म्हणून बहर लवकर' हेही अर्धेच खरे आहे. दक्षिणेकडे क्युशूत थंडी पुरेशी पडली नाही तर कळ्यांची झोपच नीट मोडत नाही, आणि बहर उलट लांबतो.

फुले उमलायला लागल्यापासून पूर्ण बहरापर्यंत साधारण आठवडा जातो. त्यानंतर हवा गार आणि शांत राहिली तर आणखी आठवडाभर झाड भरलेले राहते. एका रात्रीचा वारा-पाऊस मात्र सगळे खाली आणू शकतो.

आता यातली कळीची गोष्ट. हे नमुना-झाड, हे अंदाज, टीव्हीवरचा नकाशा, सगळे एकाच जातीविषयी बोलत असतात: सोमेइ-योशिनो. एदो शहराच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या सोमेइ नावाच्या वस्तीतल्या रोपवाटिकांनी ती एकोणिसाव्या शतकात लोकप्रिय केली. हिला पाने यायच्या आधी फुले येतात, त्यामुळे झाड नुसते फिकट गुलाबी, जवळजवळ पांढरे दिसते. आपला हापूस जसा कलमाने वाढवतात तशी ही जातही कलमानेच वाढते. देशभरातली तिची झाडे मुळात एकाच झाडाच्या फांद्या आहेत, हे जनुकीय तपासणीतही दिसून आले. म्हणून एका गावातली सगळी सोमेइ-योशिनो जवळजवळ एकाच दिवशी उमलते आणि एकाच आठवड्यात गळून जाते. डोळे दिपवणारे दृश्य असते ते. पण सगळी सहल या एका जातीवर लावली तर हातात एक आठवडा उरतो, आणि तोही कुठला ते माहीत नसते.

बाराशे वर्षांच्या रोजनिश्या

तारखेची ही चिंता क्योटोला नवी नाही. निजो किल्ल्याच्या दक्षिणेला शिन्सेन-एन नावाची एक लहानशी बाग आहे. भोवती घरे आणि रहदारी, मध्ये तळे, तळ्यावर शेंदरी रंगाचा कमानदार पूल. आत जायला पैसे नाहीत, आणि किल्ल्याकडे निघालेले प्रवासी इकडे फारसे वळत नाहीत. एके काळी ही राजवाड्याची विस्तीर्ण बाग होती. इसवी सन ८१२ मध्ये सम्राट सागा यांनी इथे फुले पाहण्याचा सोहळा केला आणि त्याची नोंद राजवृत्तान्तात झाली. त्याआधीच्या काळात जपानी कवींचा जीव प्लमच्या फुलांवर अधिक होता. चेरीला मानाचे पान मिळाले ते याच शहरात.

ओसाकाच्या विद्यापीठात संशोधन करणारे यासुयुकी आओनो यांनी या नोंदींचा पाठपुरावा केला. सम्राट, दरबारी, बौद्ध मठांतले भिक्षू यांच्या रोजनिश्या त्यांनी वाचून काढल्या आणि क्योटोत पूर्ण बहर कधी होता याच्या तारखा एकेक करून वेचल्या. आज अमक्याच्या घरी फुले पाहायला गेलो, आज फुलांची फांदी भेट म्हणून आली, अशा साध्या उल्लेखांतून. जपानात १८७२ च्या अखेरीपर्यंत चांद्र-सौर पंचांग चालत असे, त्यामुळे प्रत्येक तिथी आजच्या तारखेत बसवावी लागली. पाडवा कधी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तर कधी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पाहणाऱ्या आपल्या लोकांना या कामातली मेहनत वेगळी सांगायला नको. सलग नसली तरी बाराशे वर्षांची ही मालिका ऋतूंच्या अभ्यासात जगभर वापरली जाते.

मालिका सांगते ते असे. शतकानुशतके क्योटोचा पूर्ण बहर एप्रिलच्या मध्याच्या आसपास येत असे. काही वर्षे लवकर, काही उशिरा, पण घोटाळत राहायचा तिथेच. एकोणिसाव्या शतकानंतर तो लवकर येऊ लागला. २०२१ चा २६ मार्च हा तोवरच्या सगळ्या नोंदींत सर्वांत आधीचा दिवस ठरला. त्याआधीचा विक्रम १४०९ मधल्या २७ मार्चचा होता. कारणे दोन आहेत आणि ती एकमेकांत मिसळलेली आहेत: सगळ्या पृथ्वीचे तापणे, आणि सिमेंट-डांबराने शहराचे स्वतःचे तापणे.

या रोजनिश्यांतली चेरी सोमेइ-योशिनो नव्हे, कारण ती तेव्हा नव्हतीच. ती यामाझाकुरा, डोंगरातली रानचेरी. बी पडून उगवणारी, म्हणून प्रत्येक झाड थोडे निराळे. फुलांबरोबरच तांबूस कोवळी पाने फुटतात. अराशियामाचा डोंगर या झाडांसाठी नावाजलेला आहे. तिथली झाडे तेराव्या शतकात योशिनो नावाच्या डोंगराळ प्रदेशातून आणून लावल्याचे सांगतात. नदीवरच्या लाकडी कठड्यांच्या लांब पुलावर उभे राहून पाहिले तर सगळा उतार एकसारखा गुलाबी दिसत नाही. एक पुंजका पांढरा, त्याच्याशेजारी तांबूस, मग पाइनचा काळपट हिरवा, मग जिथे झाड अजून उमललेलेच नाही तिथे करडा. मला व्यक्तिशः हा डोंगर कुठल्याही साकुरा-बोगद्याहून जास्त भावला. तो आठवड्यात संपतही नाही.

एका गावात महिनाभर

क्योटो तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेले आहे. मधल्या खोलगट भागात ऊब लवकर येते, उत्तरेला चढत जावे तसा बहर मागे पडतो. शिवाय हजार वर्षांची राजधानी असल्यामुळे देवळांनी, सरदारांनी, माळ्यांनी देशभरातून जाती आणून इथे लावल्या. या दोन गोष्टी एकत्र धरल्या की बहराचा आठवडा ताणून महिन्याचा होतो.

सुरुवात होते ती जुन्या राजवाड्याभोवतीच्या बागेत, उत्तर टोकाला, जिथे पूर्वी कोनोए या सरदार घराण्याचा वाडा होता. इथल्या झुकत्या फांद्यांच्या चेरी मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यातच फुलतात. बागेला फाटक नाही, तिकीट नाही, वेळ नाही. सकाळी कुत्री फिरवायला आलेले शेजारी आणि बाकावर पेपर वाचणारे म्हातारे यांच्यामध्ये उभे राहून तुम्ही वर पाहता, आणि जमिनीला टेकायला आलेल्या फांद्यांवरून फुलांचा पडदा सुटलेला असतो. पश्चिमेला हिरानो देवस्थानात सुमारे साठ जातींची चारशेच्या आसपास झाडे आहेत. त्यांतली लवकर येणारी झुकती चेरी फुलली की क्योटोकर हंगाम लागला असे मानतात, आणि तिथे शेवटचे झाड फुलते तेव्हा एप्रिल बराच सरलेला असतो. तोजी मठाच्या पाच मजली मनोऱ्यासमोरचे भव्य झुकते झाड २००६ साली इथे आणून लावले. शंभरी ओलांडलेले झाड मुळांसकट हलवून नव्या जागी जगवले आहे, हे त्याच्याकडे पाहून खरे वाटत नाही.

मग येते सोमेइ-योशिनोची लाट. पूर्वेच्या कालव्याकाठचा दोन किलोमीटरचा 'तत्त्वज्ञाचा मार्ग', आणि त्याच्या दक्षिणेला केआगेचा उतार. बिवा सरोवराचे पाणी क्योटोत आणणारा कालवा १८९० मध्ये पुरा झाला. केआगेला पाण्याच्या दोन पातळ्यांत एवढा फरक होता की होड्या गाड्यांवर चढवून रुळांवरून वर-खाली न्याव्या लागत. होड्या थांबल्या, पण ५८२ मीटरचे ते रूळ तसेच आहेत, आणि दोन्ही बाजूंना चेरी. सकाळी सहाला तिथे पोचले तर लग्नाच्या पोशाखात फोटो काढणारी जोडपी, छायाचित्रकारांच्या शिड्या आणि मोजके चालणारे एवढेच असतात. नऊनंतर रुळांवर पाय ठेवायला जागा मिळत नाही.

सोमेइ-योशिनो गळायला लागते तेव्हा हेइआन देवस्थानाच्या बागेतल्या गडद गुलाबी, दुहेरी पाकळ्यांच्या झुकत्या चेरी रंगात येतात. जुनिचिरो तानिझाकी यांच्या 'सासामेयुकी' या कादंबरीतल्या बहिणी दर वसंतात ओसाकाकडून क्योटोला येतात आणि त्यांची ही यात्रा या झाडांखाली येऊन पुरी होते. या वेळी फुले असतील ना, हा घोर त्यांनाही असतो. शहराच्या वायव्येला डोंगरात हारादानी नावाची खासगी बाग आहे, ती बहरात लोकांसाठी उघडते. तिथली फी रोज फुलांच्या स्थितीवर ठरते: झाड भरात असेल तर जास्त, कमी फुले असतील तर कमी. एवढी सरळ पद्धत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

आणि सगळ्यांत शेवटी निन्नाजी. ८८८ मध्ये स्थापन झालेल्या या मठाच्या आवारात ओमुरो-झाकुराची सुमारे दोनशे झाडे आहेत. ती वाढतात दोन-तीन मीटर, आणि फांद्या थेट जमिनीपासून फुटतात. बाकी सगळीकडे मान वर करावी लागते. इथे फूल तुमच्या डोळ्यांसमोर, हनुवटीखाली, लहान मुलाच्या हाताच्या उंचीवर असते. झाडे खुजी का राहतात यावर बरेच तर्क झाले. जमिनीखाली खडक आहे असे पूर्वी समजत. पुढे तपासणीत घट्ट चिकणमाती आढळली. जुनी झाडे थकत चालली म्हणून ऊतिसंवर्धनाने त्यांची रोपे तयार करण्याचेही काम झाले आहे. ओमुरोचा बहर येतो साधारण एप्रिलच्या मध्याकडे. बरीच पाहुणे मंडळी तोवर परतलेली असतात.

कामो नदीच्या काठी मला एक मराठी कुटुंब भेटले. मुलगी ओसाकाला नोकरीला, आई-बाबा ठाण्याहून आलेले. काठावरची फुले बरीचशी गळून गेली होती आणि बाबा नाराज होते. त्यांच्या सोसायटीतले एक गृहस्थ आठवडाभर आधी येऊन गेले होते आणि त्यांचे फोटो बाबांच्या फोनवर होते. "अहो बाबा, इथली संपली, ओमुरोची अजून यायचीयत," मुलगी सांगत होती. "परवा तिकडे जाऊ. मी रजा टाकलीय." आईने मला विचारले, तिथे बसायला जागा असते का, गुडघे दुखतात हो. असते.

झाडे सांभाळणारी माणसे

चेरी आपोआप शेकडो वर्षे उभी राहते असा समज घेऊन आपण जातो. मारुयामा उद्यानातले जगप्रसिद्ध झुकते झाड दुसऱ्या पिढीचे आहे. पहिले १९४७ मध्ये मेले. त्याच झाडाच्या बियांपासून पंधराव्या पिढीतल्या सानो तोएमोन यांनी रोप वाढवले आणि ते १९४९ मध्ये इथे लावले. सानो हे क्योटोच्या पश्चिमेकडचे माळ्यांचे घराणे. घरातला कर्ता पुरुष पिढ्यान् पिढ्या तोएमोन हेच नाव घेतो. सोळाव्या तोएमोन यांनी शिल्पकार इसामू नोगुची यांच्याबरोबर पॅरिसमधल्या युनेस्कोच्या बागेत काम केले होते. हिरोसावा तळ्याजवळच्या त्यांच्या आवारात नाना जातींच्या चेरी आहेत.

मारुयामाच्या झाडाभोवती कुंपण आहे. पुष्कळ जण त्यावर वाकून फोटोत झाडाशेजारी आपला चेहरा आणायची खटपट करतात. कुंपण बुंध्यासाठी नाही, मुळांसाठी आहे. चेरीची मुळे वरच्या थरात पसरतात. हजारो पाय पडले की माती दडपते, पाणी आणि हवा आत जात नाही, आणि झाड काही वर्षांनी फांदी-फांदीने वाळत जाते. फांदी खाली ओढणे, पाकळ्या पडाव्यात म्हणून झाड हलवणे, मुलाला खोडावर चढवणे, हे सारे मी पाहिले आणि मला मनापासून वाईट वाटले. करणारे निरनिराळ्या देशांचे होते, त्यात आपलेही होते.

इथले जवळजवळ प्रत्येक प्रसिद्ध ठिकाण कुणी तरी लावलेले आहे. तत्त्वज्ञाच्या मार्गावरच्या झाडांची सुरुवात चित्रकार हाशिमोतो कान्सेत्सू आणि त्यांच्या पत्नी योने यांनी १९२१ मध्ये शहराला दिलेल्या रोपांतून झाली. आग्नेयेच्या दाइगोजी मठात १५९८ च्या वसंतात तेव्हाचे सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यांनी फुलांचा जंगी सोहळा केला. सुमारे तेराशे पाहुणे, त्यांतल्या बहुतेक स्त्रिया, आणि त्या एका दिवसासाठी बाहेरून आणून लावलेली सातशे झाडे. त्याच वर्षी हिदेयोशी गेले. मठाने झाडे राखली, आजही राखतो. हिरानो देवस्थानाचा सभामंडप सप्टेंबर २०१८ च्या वादळात कोसळला, झाडेही पडली. देवस्थानाने मंडप पुन्हा उभा केला.

बस, भुयारी रेल्वे आणि पहाट

क्योटोतली गर्दी बहरात सर्वांत जास्त जाणवते ती शहर बसमध्ये. भाडे सरसकट २३० येन. मागच्या दाराने चढायचे, उतरताना पुढे चालकाजवळ पैसे द्यायचे. जुन्या प्रवासवर्णनांत बसच्या दिवसाच्या पासची शिफारस असते. तो पास २०२३ पासून विकत नाहीत, कारण दवाखान्यात, शाळेत, बाजारात निघालेल्या गावकऱ्यांनाच बसमध्ये शिरता येईनासे झाले होते. आता भुयारी रेल्वे आणि बस मिळून ११०० येनचा दिवसाचा पास आहे आणि प्रवाशांनी रेल्वेकडे वळावे अशी शहराची इच्छा आहे. ती आपल्याही सोयीची आहे. तोझाई या एका मार्गावर निजोजो-माए स्थानकाला शिन्सेन-एन, हिगाशियामाला मारुयामा आणि हेइआन देवस्थान, पुढे केआगे, यामाशिनाला पिवळ्या मोहरीसारख्या फुलांच्या कडेने जाणारा कालवा, आणि दाइगोला हिदेयोशींचा मठ. यांतले कुठलेही ठिकाण स्थानकापासून चालत गाठता येते. निन्नाजीला मात्र रांदेन या छोट्या ट्रामने जावे. तिचे स्थानक मठाच्या फाटकासमोरच आहे.

उजाडता निघावे आणि दुपारी विसावावे. देवळे साधारण साडेआठ-नऊला उघडतात; नदीकाठ, राजवाड्याची बाग, केआगे यांना दारे नाहीत. गिओनमधल्या काही गल्ल्या खासगी आहेत आणि तिथे शिरल्यास दहा हजार येन दंडाच्या पाट्या आहेत. त्या गंभीरपणे घ्याव्यात. गेइको आणि माइको या इथल्या पारंपरिक कलावतींच्या अंगचटीला जाऊन फोटो काढणाऱ्यांमुळे रहिवाशांनी त्या लावल्या आहेत.

राहण्याचा खर्च हा बहरातला सर्वांत मोठा. क्योटोने हॉटेल-मुक्कामावरचा कर मार्च २०२६ पासून वाढवला आहे, महागड्या खोल्यांना तो माणशी एका रात्रीला दहा हजार येनपर्यंत जातो. साध्या हॉटेलांना त्याची झळ थोडी आहे. क्योटोत जागा मिळाली नाही तर ओत्सूला राहावे: बिवा सरोवराच्या काठचे शांत गाव, रेल्वेने दहा मिनिटांवर. ओसाका अर्ध्या तासावर. सगळी सहल याच पट्ट्यात असेल तर देशभर चालणारा सात दिवसांचा रेल्वे पास घेण्याचे कारण नाही. ऑक्टोबर २०२३ पासून त्याला ५०,००० येन पडतात.

झाडाखालचा डबा

फुलांखाली बसून खाणे हा या ऋतूचा अर्धा आनंद आहे. कामोच्या काठावर दुपारी घरची मंडळी चटया टाकतात, बूट काढून एका बाजूला नीट जोडून ठेवतात, डबे उघडतात. कचऱ्याचे डबे जवळपास नसतात, म्हणून प्रत्येक जण रिकामी पिशवी बरोबर आणतो आणि भरून घरी नेतो.

शाकाहारी माणसाने एक जाणून असावे: भाज्यांचे किंवा टोफूचे पदार्थ दिसले तरी त्यांच्या रश्शात बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनिटो माशाचा अर्क असतो. मठांतले शोजिन-र्‍योरी हे जेवण मात्र मासे-मांसाविना असते आणि क्योटो त्यासाठी प्रसिद्ध आहे. आधी सांगून ठेवावे लागते. एरवीसाठी दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, दाण्याची चटणी बरोबर न्यावी आणि लाज बाळगू नये. गोडाला साकुरा-मोची घ्या. क्योटोकडे ती जाडसर दळलेल्या चिकट तांदळाची करतात, आत अझुकीच्या डाळीचे पुरण आणि बाहेर खारवलेले चेरीचे पान. पान खायचे असते. गोडाबरोबर येणारी ती खारट चव मी अजून विसरलेले नाही.

हवा फसवी असते. दुपारी उन्हात स्वेटर काढावासा वाटतो आणि संध्याकाळी मुंबईकराला हुडहुडी भरते. रात्री दिव्यांच्या उजेडातली झाडे पाहायची असतील तर ज्येष्ठांना कानटोपी हवीच.

आपल्या सोयीची तारीख

सोमेइ-योशिनोच पाहायची असेल तर २८ मार्च ते ६ एप्रिल हे दिवस धरावेत. पण आपल्याकडे नोकरदार आणि व्यापाऱ्यांना मार्च एंडला रजा मिळत नाही, मुलांच्या परीक्षाही त्याच सुमारास असतात. मार्च संपल्यावर निघून ५ ते १५ एप्रिल क्योटोत राहिले तर काय मिळते? बहर उशिरा आलेल्या वर्षी सोमेइ-योशिनोचे शेवटचे दिवस. लवकर आलेल्या वर्षीही अराशियामाच्या वरच्या उतारांवरची रानचेरी, हेइआन आणि हारादानीच्या झुकत्या चेरी, उत्तरेकडच्या वनस्पती उद्यानातल्या दुहेरी पाकळ्यांच्या जाती, निन्नाजी, आणि ओसाकाच्या टांकसाळीतली ती प्रसिद्ध चेरीची वाट, जी १८८३ पासून दर वसंतात आठवडाभर लोकांसाठी उघडते. सगळे एकाच वर्षी जुळणार नाही, पण रिकाम्या हाताने परतण्याची वेळही सहसा येणार नाही. माझे मत याच तारखांना आहे. आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांना तर मी हेच सांगेन, कारण ओमुरोच्या झाडांसाठी मान वर करावी लागत नाही.

मुक्काम एकाच जागी ठेवावा, किमान पाच रात्री. रोज एक गाव बदलणाऱ्या सहलीत फुले चुकली तर चुकली; एका जागी राहिले तर पावसाचा दिवस संग्रहालयाला देता येतो आणि दुसऱ्या सकाळी आज कुठले झाड भरात आहे हे पाहून निघता येते. क्योटोत बहरात ठिकठिकाणची स्थिती रोज जाहीर होत असते: कळ्या, थोडी फुले, पूर्ण बहर, गळती. हॉटेलच्या काउंटरवर विचारले तरी सांगतात.

दिवाळी अंक हातात येतो त्या दिवसांत क्योटोतल्या एप्रिलच्या खोल्या मिळत असतात; जानेवारीत पहिला अंदाज निघाला की त्या झपाट्याने संपतात. म्हणून रद्द करता येईल अशी खोली आत्ताच घेऊन ठेवा, व्हिसाच्या तक्त्यात गाव आणि मुक्काम नीट लिहा, आणि कुठल्या दिवशी कुठले देऊळ हे मार्चच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत ठरवू नका.